'अंबिलोबेचा' की नुसताच 'अंबिलोबे'?

प्रश्न खारघरहून आला आहे. मुलाला पँथर शॅमेलिऑन (रंग बदलणारा एक परदेशी सरडा) पाळायचा आहे. विक्रेत्याच्या यादीत एकाच प्राण्यापुढे 'अंबिलोबे', 'अंबांजा', 'नोसी बे', 'टामाटाव्ह' अशी मादागास्करमधल्या ठिकाणांची नावे आहेत आणि नावागणिक किंमत बदलते. मराठीत 'अंबिलोबेचा शॅमेलिऑन' म्हणणे बरोबर का, आणि या नावांवर विसंबायचे किती?

'चा' लावू नका. विक्रेत्याकडे पुरावा असेल तर त्याने लावावा.

पैठणी येवल्यात विणलेली असली तरी पैठणीच असते, दुकानदाराला त्यात कोणी खोटे ठरवत नाही. तीच साडी त्याने 'पैठणची' म्हणून दिली तर मात्र गिऱ्हाइकाला भांडायला जागा आहे. विक्रेता 'अंबिलोबे' म्हणतो तेव्हा त्याला 'पैठणी' अभिप्रेत असते. आपण ऐकतो ते 'पैठणची'.

नावे खोटी नाहीत, हे आधी सांगतो. पँथर शॅमेलिऑन, म्हणजे फर्सिफर पार्डॅलिस, हा मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनारपट्टीतला प्राणी. तिथे प्रदेश बदलला की नरांचे रंगही बदलतात. नोसी बेचे नर हिरव्या-निळ्या अंगाचे, तर अंबिलोबेकडच्या नरांवर निळे किंवा लाल पट्टे. 2015 साली जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी मादागास्करमधल्या 324 प्राण्यांचे रक्ताचे नमुने आणि फोटो तपासले. प्रदेशागणिक आनुवंशिक गट वेगळे निघाले आणि रंगावरून ते बऱ्यापैकी ओळखताही आले. ही एक जात नसून अकरा असाव्यात, असेही त्यांनी सुचवले. पण त्या संशोधकांना कोणता प्राणी कुठल्या ठिकाणचा हे माहीत होते. दुकानातल्या काचेच्या पेटीपर्यंत ती माहिती पोचलेली असतेच असे नाही.

रानातून पकडलेला प्राणी आधी गोळा करणाऱ्याकडून मध्यस्थाकडे जातो, तिथून निर्यातदाराकडे. वाटेत कोणीतरी गावाचे नाव सांगतो, आणि ते पकडल्या जागेचे असेल किंवा जिथे माल हातात पडला त्या गावाचे. साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या कराराच्या) परवान्यावर मूळ देश लिहिलेला असतो, प्राणी रानातला की पैदाशीतला याचे अक्षर असते. गावाच्या नावाची हमी तो कागद देत नाही. पैदाशीतल्या पिल्लांची गोष्ट आणखी सैल. पिल्ले मातकट रंगाची असतात आणि नराचा खरा रंग उमलायला काही महिने जातात, म्हणजे विकत घेताना नाव पडताळायला समोर काहीच नसते. माद्या तर कुठल्याही प्रदेशातल्या असोत, साधारण सारख्याच करड्या-गुलाबी किंवा नारिंगी. चुकीच्या नावाची एक मादी पैदाशीत शिरली की पुढच्या सगळ्या पिल्लांच्या नावावर पाणी.

हे शब्द नकाशापासून सुटले आहेत याची खूण यादीतच आहे. 'टामाटाव्ह' आणि 'डिएगो सुआरेझ' ही जुनी नावे. त्या शहरांना आता तोआमासिना आणि अंत्सिरानाना म्हणतात, पण शॅमेलिऑनच्या बाजारात जुनेच चलन चालते. 'नोसी' म्हणजे मालागासी भाषेत बेट आणि 'बे' म्हणजे मोठे, तेव्हा 'नोसी बे बेट' लिहू नये. उच्चाराचे म्हणाल, तर मालागासीत 'ओ' लिहून 'उ' म्हणतात, म्हणून ते 'नुसी बे'च्या जवळ जाते. 'अंबांजा'तला ज आपल्या 'जर'मधला म्हणा, 'जीव'मधला नको. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा त्रास पडतो, आपल्याला तो ज आयता मिळालेला आहे.

शास्त्रीय नावातही गाव-देश फसवतात. आपल्या रानातल्या सरडगुहिऱ्याचे, म्हणजे भारतीय शॅमेलिऑनचे, नाव झायलानिकस, म्हणजे सिलोनचा. 1768 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लॉरेंटीने ते ठेवले. प्राणी मात्र भारतातही भरपूर पसरलेला. (तो पाळणे गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑन पाळायचा असेल तर 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखाली नोंदणी लागते, तेवढे विक्रेत्याला आधी विचारा.)

मग मराठीत म्हणायचे काय? हौशी मंडळी 'लोकॅल' (इंग्रजी locale, म्हणजे ठिकाण) म्हणतात. नवी मुंबईत 'तुमची लोकॅल कुठली?' विचारले तर पनवेल-सीएसएमटी असे उत्तर यायचे. 'जात' नको, कारण पार्डॅलिस आजही एकच जात मानतात. 'वाण' कानाला गोड लागतो, पण त्यात माणसाने निवडून तयार केल्याची छटा आहे. मी साधा 'प्रकार' वापरतो: 'अंबिलोबे प्रकारचा नर'. यात दिसण्याचा दावा आहे, गावाचा नाही. पकडल्याची जागा आणि तारीख लिहिलेली असेल किंवा आई-बापांची पिढ्यांमागची नोंद फोटोंसह दाखवत असतील, तर 'अंबिलोबेचा' खुशाल म्हणा. मादीसाठी मात्र 'प्रकार'सुद्धा जास्तच होतो. तिच्यापुढे 'आई-बाप अंबिलोबे, विक्रेत्याच्या सांगण्यावरून' असे लिहा.