अ-२ वरून क-२: सातवीतलं इंग्रजी

दिवाळीची सुट्टी संपते, पहिल्या सत्राची प्रगतिपत्रकं घरी येतात आणि माझ्याकडे फोन सुरू होतात. प्रश्न एकाच वळणाचा असतो: "आत्तापर्यंत इंग्रजीत चांगला होता हो, एकदम असा कच्चा कसा झाला?" पाचवी ते सातवीच्या दरम्यान शाळा किंवा माध्यम बदललेल्या मुलांच्या घरून तर हा हमखास येतो. त्यातलीच ही एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला इथे बंड्या म्हणते, घरचं नावही त्याच धाटणीचं आहे.

बंड्या पुण्यातल्या धायरीचा. सहावीपर्यंत घराजवळच्या मराठी शाळेत, सेमी इंग्रजीला होता. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. सातवीला आईबाबांनी सिंहगड रोडवरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्याला घातलं. बोर्ड तेच, राज्याचं. सहावीला इंग्रजीत अ-२ श्रेणी होती, सातवीच्या पहिल्या सत्रात आली क-२. ऐंशीच्या पुढून थेट चाळिशीत.

"ह्यांचं म्हणणं, क्लास लावू. माझी बहीण म्हणते, मुकाट्याने परत मराठीत टाका. मला तर झोपच लागत नाही," आई सांगत होत्या. वह्या, प्रगतिपत्रक आणि स्पायरल बाइंडिंग केलेला प्रकल्प असं सगळं पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर मांडलं. बंड्या शेजारी बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडमीट करत होता.

अशा वेळी मी आधी मुलाला मराठी वाचायला देते. पालकांना वाटतं, मॅडमनी विषय नीट ऐकला नाही. पण मूल मराठीही अडखळत वाचत असेल, अक्षरं गाळत असेल, तोंडी सगळं येतं आणि लिहायला बसलं की अडतं असं असेल, तर माध्यम, क्लास, शिक्षक या चर्चा बाजूला ठेवून आधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला हवी. तिथे उशीर महागात पडतो. बंड्याने पेपरातलं क्रिकेटचं पान घडाघडा वाचलं आणि वर कुणाला संघात घ्यायला नको होतं तेही मला समजावलं. ती शंका मागे पडली.

मग आईंना जे सांगितलं ते बहुतेक पालकांना कुणी सांगितलेलंच नसतं. मराठी माध्यमात मराठी ही प्रथम भाषा आणि इंग्रजी तृतीय. इंग्रजी माध्यमात इंग्रजीच प्रथम भाषा. दोन्हींची पुस्तकं सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीतच तयार होतात, पण ती वेगवेगळ्या मुलांसाठी. एका पुस्तकाने धरलेलं असतं की मुलाच्या कानावर इंग्रजी फक्त वर्गात पडतं. दुसऱ्याने धरलेलं असतं की हे मूल सगळे विषय याच भाषेत शिकतंय, तेव्हा कवितेबद्दल स्वतःचं मत सांग, गोष्टीचा शेवट बदलून लिही, पात्र असं का वागलं ते तुझ्या शब्दांत मांड. वेळापत्रकात दोन्ही ठिकाणी लिहिलेलं असतं ‘इंग्रजी’. त्यामुळे सहावीची अ-२ आणि सातवीची क-२ शेजारी ठेवून घसरण मोजणंच चूक आहे. (मराठी आता त्याची दुसरी भाषा. तिथे त्याला अ-१ होती. तिचं कौतुक घरात कुणी केलेलं दिसलं नाही.)

"पण तो फाडफाड बोलतो की. सोसायटीतल्या मुलांशी इंग्रजीतच खेळतो."

हेही नेहमीचंच. भाषाशिक्षणाचे कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करून मांडल्या: रोजच्या बोलण्याची भाषा एक आणि अभ्यासाची भाषा दुसरी. पहिली दोनेक वर्षांत जमते. दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. आणि हे आजूबाजूला सगळीकडे इंग्रजीच असलेल्या देशात जाऊन राहिलेल्या मुलांबद्दल. धायरीतल्या मुलाने जून ते ऑक्टोबरात ते करून दाखवावं ही अपेक्षा कुणाची, हे एकदा घरात विचारून बघावं. कमिन्स यांचा दुसरा मुद्दा मला जास्त उपयोगी वाटतो: पहिल्या भाषेत कमावलेलं वाचन आणि विचार करणं दुसऱ्या भाषेत कामी येतं. बंड्याचं मराठी भक्कम होतं, म्हणजे पाया होता.

एवढं झालं तरी चाळिशीचं कोडं पुरतं सुटेना. त्याचं उत्तर वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवलेलं होतं.

जूनमध्ये इंग्रजीच्या बाईंनी वर्गाला एक छापील कागद दिला होता. वर्षभरात काय करायचं, कशाला किती गुण. बंड्याने तो डिंकाने इमानदारीत चिकटवला होता. वाचला कुणीच नव्हता. आम्ही तिघांनी मिळून वाचला. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात सातवी-आठवीला ४० गुण आकारिक म्हणजे सत्रभर चालणाऱ्या कामाचे आणि ६० संकलित म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. त्या ६० मध्येही १० तोंडी. म्हणजे आई ज्याला ‘पेपर’ म्हणत होत्या आणि ज्यासाठी घरात ऑक्टोबरभर टीव्ही बंद होता, तो होता ५० चा. उरलेले तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असे विखुरलेले. या बाईंनी आकारिकसाठी आणखी दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक वाचनवही: दर पंधरा दिवसांनी एक छोटं पुस्तक वाचायचं आणि त्याबद्दल अर्धं पान लिहायचं. दुसरी म्हणजे निबंधासोबत पहिला कच्चा मसुदा जोडायचा, खाडाखोडीसकट. निबंध दिल्यावर बाई त्याच्यावर दोन प्रश्न तोंडी विचारणार, त्याचेही गुण.

"कच्चा कुठाय?" मी बंड्याला विचारलं.

त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "अहो, किती घाण होता तो! मीच फाडून टाकला. पक्का मी सांगितला, त्याने लिहिला."

पक्का समोरच होता. ‘अ व्हिजिट टू अ व्हिलेज’. अक्षर सुरेख, मार्जिन लाल पेनाने आखलेलं. दुसऱ्याच वाक्यात ‘पिक्चरेस्क’ आणि ‘सेरीन’.

"बंड्या, सेरीन म्हणजे काय रे?"

"आईला विचारा."

बाईंनी दहापैकी तीन दिले होते आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मसुदा कुठे आहे?’ घरात त्याचा अर्थ ‘बाई खडूस आहेत’ असा लावला गेला. मला तर बाई चोख वाटल्या. मुलाचं काम आईने केलं की मूल कुठे अडतंय ते शिक्षकाला दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते शिकवणार कसं? प्रकल्पाचंही तेच. आईंनी रात्री जागून टाइप केलेला, कोपऱ्याकोपऱ्यावर नेटवरची चित्रं. पाचपैकी दोन.

आईंना दोष द्यायचा नाही. त्या सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या. पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे २००० साली आलं, त्यांच्या वेळी ते पाचवीला सुरू व्हायचं. पुढे कॉलेजात गेल्यावर इंग्रजीतून बोलणाऱ्या मुलींसमोर जे गप्प बसावं लागलं ते त्या विसरलेल्या नव्हत्या. मुलावर ती वेळ येऊ नये म्हणून कच्चा फाडला जात होता. बाईंना भेटलात का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तिथे इंग्रजीत बोलावं लागेल ना."

मी बंड्याला म्हटलं, ते व्हिलेज राहू दे. तुझ्या आजीच्या गावाला काय असतं ते मराठीत सांग. सुरुवातीला "काही नाही, शेत आहे". मग मांजर निघालं. आजी त्या मांजरीला दिवसभर ‘मसणात जा’ म्हणते आणि संध्याकाळी ती दिसली नाही की दूध ताटलीत काढून ओट्यावर ठेवते, वर "मी नाही हो वाट बघत" असंही म्हणते. हे सांगताना बाटलीचं झाकण बंद झालं होतं. मग म्हटलं, आता हेच इंग्रजीत लिही, चुकलं तरी चालेल. पाच ओळी आल्या. त्यातल्या दोन अशा:

‘माय आजी एव्हरी डे स्कोल्ड द कॅट. बट व्हेन कॅट नॉट कम, शी कीप मिल्क आउटसाइड अँड सी.’

आई लगेच पुढे झुकल्या, "स्कोल्ड्स!" मी त्यांना थांबवलं. चूक बरोबर धरली होती त्यांनी. पण पाच ओळींत बघण्यासारखं बरंच होतं. मुलाकडे सांगायला गोष्ट आहे, क्रम आहे, ‘बट’ नेमक्या जागी आलंय. क्रियापदाचा ‘एस’ जातोय आणि ‘डझ नॉट’ अजून बसलेलं नाही. सातवीच्या बाईंना एवढं दिसलं तर त्या वर्गात तेवढंच घोटून घेतील. ‘सेरीन’वाल्या निबंधात यातलं काहीच नव्हतं.

ठरवलं ते मोजकंच. लिहिण्याआधी बंड्याने आईला मराठीत सांगायचं, आईने ऐकायचं, "मग? पुढे?" विचारायचं आणि पेन हातात घ्यायचं नाही. कच्चा फाडायचा नाही. वाचनवहीसाठी बाबांनी अप्पा बळवंत चौकातून एकगठ्ठा जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणली होती, ती कपाटात. त्याऐवजी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ मोबाइलवर फुकट आहे. तिथे वाचनाच्या चार पातळ्या आहेत आणि बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हींकडे मिळतात. दुसऱ्या पातळीपासून सुरू कर म्हटलं. "ती लहान मुलांची आहेत," बंड्या. असू देत. अर्धं पान लिहिता येणं महत्त्वाचं.

क्लासला मी तूर्त नको म्हटलं. तयार उत्तरं देणारा क्लास म्हणजे आईचीच जागा दुसऱ्याने घेणं, वर फी. बाबांना धास्ती होती ती वर्ष वाया जाण्याची. सातवीत नापास करत नाहीत. पाचवी आणि आठवीला राज्यात २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आली आहे, त्यामुळे आठवीला लक्ष ठेवावं लागेल. हातात एक वर्षाहून जास्त वेळ होता.

बाईंना आई मराठीतूनच भेटल्या. बाई निघाल्या सांगलीच्या. मांजरीच्या पाच ओळी वाचून त्यांनी खाली लिहिलं, मांजरीबद्दल अजून लिही. त्याची दोन पानं झाली, चुकांनी भरलेली, आणि दहापैकी सहा मिळाले.

मी मात्र दुसऱ्या भेटीत प्रगतिपत्रक पुन्हा उघडलं, कारण इंग्रजीच्या नादात इतिहास-भूगोलाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तिथे इंग्रजीपेक्षा वाईट अवस्था होती. गणित-विज्ञान सेमीमुळे आधीच इंग्रजीतून होतं, ते ठीक होतं. पण मराठ्यांचा इतिहास तोंडपाठ असलेल्या मुलाला ‘ट्रीटी’ आणि ‘रेव्हेन्यू’ या शब्दांपाशी धडाच लागत नव्हता. माध्यम बदलल्याचा खरा भार बहुतेक वेळा याच विषयांवर पडतो. मराठीत परत टाकायचं का, याचा निर्णय घ्यायचा तर तो या विषयांकडे बघून घ्यावा, एकट्या इंग्रजीवरून नाही.

उपाय साधा आहे. राज्य मंडळाची इतिहास-भूगोलाची पुस्तकं दोन्ही माध्यमांत एकाच मजकुराची असतात आणि ई-बालभारतीवर ती मोफत उतरवून घेता येतात. बंड्या आधी मराठी धडा वाचतो, मग तोच इंग्रजीत. अडलेल्या शब्दावर मराठी शब्द पेन्सिलीने. पानिपतचा धडा त्याने असाच केला आणि मला येऊन सांगितलाही, अर्धा इंग्रजीत, अर्धा मराठीत.

वर्षअखेरीला इंग्रजीत क-१ आली, इतिहास-भूगोलात ब-१. आईंना क-१ अजून सलते, फोनवर तसं म्हणाल्या. वाचनवहीत तो आता तिसऱ्या पातळीवर आहे. परत मराठीत टाकायचा विषय त्या घरात एप्रिलनंतर निघालेला नाही. मावशी अधूनमधून काढते म्हणे.