नैसर्गिक आपत्तींचा माणसाच्या उद्योगांशी खरंच काही संबंध आहे का?

आहे, पण सरसकट नाही. ज्वालामुखी काही आपल्याला विचारून फुटत नाहीत.

भूकंपाचं मात्र कोयनेचं उदाहरण बघा. १९६२ च्या सुमारास कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला आणि एरवी शांत समजल्या जाणाऱ्या भागात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६ रिश्टरहून मोठा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झालं. पाणी खडकांच्या भेगांत मुरतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. म्हणजे ताण जमिनीचाच, निमित्त धरणाचं.

पुराचं तर बोलायलाच नको. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. एवढं पाणी कुठेही तुंबलंच असतं. पण भराव टाकून मिठी नदीचं पात्र आवळलं, खारफुटी तोडली, ते काय ढगांनी केलं?