दोन धातूंचे चमकणारे कॉम्प्लेक्स: सुरुवात कशी करावी

कॉम्प्लेक्स म्हणजे धातू आणि त्याला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू (लिगंड) यांची जोडणी. जस्त-युरोपियमपासून सुरू कर. सोनं-थॅलियमचे फोटो मोहात पाडतात, पण थॅलियम विषारी. ते सध्या विसर.

304 मिलिग्रॅम ऑर्थो-व्हॅनिलिन मिथेनॉलमध्ये, त्यात 67 मायक्रोलिटर इथिलीनडायअमाइन: पिवळा लिगंड मिळेल. मग 220 मिलिग्रॅम झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट, आणि शेवटी 446 मिलिग्रॅम युरोपियम नायट्रेट हेक्साहायड्रेट. क्रम उलटवू नकोस. लिगंडमधली नायट्रोजन असलेली आतली जागा जस्ताची, बाहेरची ऑक्सिजनची युरोपियमची. बेस (अल्कली) जास्त झाला तर युरोपियम हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसतं.

नवखे इथे फसतात:

- 365 नॅनोमीटरच्या टॉर्चखाली निळसर चमक दिसली की खूश होतात. ती बहुधा जस्त-लिगंडची असते. युरोपियमची खूण म्हणजे 615 नॅनोमीटरच्या आसपासची अरुंद लाल रेषा, आणि ती स्पेक्ट्रममध्येच बघायची.
- 350 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित केल्यावर 700 ला शिखर आलं? ते यंत्राचं दुसऱ्या क्रमाचं भूत: 350 चाच प्रकाश दुप्पट तरंगलांबीवर दिसतो. फिल्टर लाव.
- ओलावा. युरोपियमला चिकटलेल्या पाण्याचा ओ-एच बंध ऊर्जा गिळतो, चमक मंदावते.

स्फटिकांसाठी ईथर वापरणार असशील तर सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेव: ईथर 35 अंशांना उकळतं, इथे पारा चाळिशीपार. एसी खोली नसेल तर हे काम डिसेंबरात कर.

युरोपियमचे भाऊबंद टर्बियम, यटर्बियम नंतर बघू.