वाचकांचे प्रश्न : जुन्या वेगवान सेडानचा भाव आणि निगा

प्रश्न : काकांच्या निधनानंतर त्यांची २००५ सालची स्कोडा ऑक्टाविया आरएस आमच्याकडे आली आहे. एमएच १३ पासिंग, एकच मालक, १ लाख १८ हजार किलोमीटर, सगळी मूळ अवस्थेत. पुण्याचा दलाल भंगारापेक्षा थोडा वर भाव देतो. जाहिरातींत अशाच गाडीला त्याच्या चौपट आकडा दिसतो. खरा भाव कोणता धरायचा? फेरपासिंगची मुदत संपून तीन महिने झाले आहेत.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : दोन्ही आकडे बाजूला ठेवा. दलाल गाडी घेतो ती पुढे विकायला. त्यामुळे न दिसणारा सगळा खर्च तो आधीच कापून बोलतो. जाहिरातीतला आकडा ही मालकाची अपेक्षा असते, तो सौदा नव्हे. तुम्हाला हवेत ते प्रत्यक्ष झालेले व्यवहार. याच मॉडेलचे मालक, या गाड्या हाताळणारी गॅरेजेस आणि पुणे-मुंबईतले खरेदीदार यांच्याकडून पैसे देऊन-घेऊन संपलेले तीन-चार सौदे मिळवा. साधी ऑक्टाविया १.८ टर्बो आणि तिची वेगवान आवृत्ती आरएस यांचे आकडे एकत्र करू नका.

मग गाडीकडे वळा. या गाडीत एक गोष्ट नीट ओळखायला हवी. तिचं १.८ लिटर, २० व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत होतं, आणि ऑक्टाविया आपल्याकडे २००१ पासून शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जात होती. म्हणून बेल्ट, पंप, सेन्सर, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश असलं सामान आजही मिळतं. मिळत नाही ते आरएसचं अंगावरचं सामान : पुढचा बंपर, जाळी, सीट आणि त्यांचं कापड, स्टीअरिंग, बिल्ले, मूळ अलॉय चाकं. इंजिन थकलं तर ते पैशाने उभं राहतं. बंपर फुटला तर पैसे असूनही हात रिकामे राहू शकतात. म्हणून मूळ सामान पूर्ण असलेली, इंजिनाला काम असलेली गाडी ही इंजिन झकास पण बंपर-सीट बदललेल्या गाडीपेक्षा जास्त मोलाची धरावी. दलाल नेमकं उलट सांगेल, कारण त्याला गाडी आठवड्याभरात चालती विकायची असते.

हिशेब असा करा. चालू सौद्यांचा मधला आकडा घ्या आणि त्यातून थकलेली कामं वजा करा. पहिलं काम टायमिंग बेल्टचं. हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हना धडकतो आणि इंजिनाचं हेड उतरवावं लागतं. किलोमीटर कमी झाले असले तरी रबराचं वय मोजलं जातं. ८० ते ९० हजार किलोमीटर किंवा ५ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बेल्ट बदलावा. बदलताना टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक डॅम्पर, रोलर आणि वॉटर पंप एकदमच टाकावेत. जुन्या पंपाचा प्लास्टिकचा पंखा शाफ्टवर सैल होतो किंवा तुटतो. मग पंप फिरत राहतो पण पाणी फिरत नाही. याचं बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून रक्कम वजा करा, कोणी तोंडी कितीही सांगो. बिल असलं तरी भाव वाढत नाही, फक्त वजाबाकी टळते. हा फरक विकणाऱ्याच्या गळी उतरवणं अवघड असतं, पण तोच बरोबर आहे.

दुसरं, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद. एकाही सिलिंडरचं ७ बारच्या खाली नको आणि चौघांत ३ बारपेक्षा जास्त तफावत नको. आकडे कागदावर लिहून घ्या, त्यावर गॅरेजचा शिक्का घ्या. हा एक कागद खरेदीदाराच्या मनातली निम्मी शंका संपवतो.

तिसरं, रंग. जाडी मोजणारं मीटर मागून घ्या. कंपनीचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. २०० च्या वर गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे, आणि ३००-४०० च्या पुढे खाली पुट्टी असण्याची शक्यता मोठी. दाराला पुट्टी असेल तर थोडी रक्कम कापून विषय संपतो. छत, खांब किंवा पुढच्या चासीच्या टोकांवर ती सापडली तर गाडीला मोठा अपघात झालेला असतो आणि भावाची सगळी बोलणी नव्याने करावी लागतात.

बाकी लहान गोष्टी : इग्निशन कॉइल, टर्बोची डायव्हर्टर व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद होताच टर्बोचा दाब सोडणारी), हेडच्या बाजूचा कुलंटचा प्लास्टिकचा फ्लँज (पाइपचा जोड), व्हॅक्युमचे कडक झालेले पाइप. जोर कमी वाटला की लोक टर्बो गेला म्हणतात. आधी हे पाइप आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा फाटलेला पडदा तपासा, टर्बोला शेवटी हात लावा.

आता कागद. गाडी काकांच्या नावावर असताना ती विकायला काढू नका. वारसाने नावावर करून घेण्यासाठी नमुना ३१ आहे. मृत्यूची माहिती आरटीओला ३० दिवसांत कळवायची आणि अर्ज ३ महिन्यांत करायचा असा नियम आहे. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती तयार ठेवा. फेरपासिंगचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा असतो. तुमची मुदत टळली असल्याने दरमहा ५०० रुपये जादा शुल्क लागेल. शिवाय गाडीने २० वर्षं ओलांडली की ऑगस्ट २०२५ मध्ये वाढलेला दर लागतो : मोटारीसाठी मूळ शुल्क १०,००० रुपये. १५ ते २० वर्षांच्या गाडीला ते ५,००० आहे. त्यावर पर्यावरण कर वेगळा. नवी मुदत ५ वर्षांची मिळते. पीयूसी, विमा आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट आधी करून घ्या, आणि जुनं कर्ज असेल तर नमुना ३५ देऊन बोजा उतरवा. फेरपासिंग होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. दिल्लीतला जुन्या गाड्या बंद करण्याचा १०-१५ वर्षांचा नियम सोलापूरला लागू नाही, त्या भीतीपोटी स्वस्तात देऊन टाकू नका. उलट, ही गाडी 'व्हिंटेज' आहे म्हणून भाव वाढवू पाहणाऱ्यांचंही ऐकू नका. कायद्यात त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

पाच वर्षांचं ताजं पासिंग, तुमच्या नावाचं आरसी, बेल्टचं बिल, कॉम्प्रेशनचा कागद आणि दोन्ही चाव्या एवढं हातात घेऊन बसलात की दलालाचा आकडा आपोआप वर सरकेल. घाई नसेल तर दलालाकडे जाऊच नका. ही गाडी शोधणारा माणूस स्वतःच शोधत येतो.

प्रश्न : स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, २०११. ऑइल कमी होतं. एक मेकॅनिक इंजिन उघडायला सांगतो, दुसरा म्हणतो घट्ट ऑइल घाला. काय करावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी मोजा. इंजिन गरम करून सपाट जागी पाच मिनिटं थांबा, डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. ऑइलचा उरलेला डबा वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा. १,००० किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच जागी त्याच खुणेपर्यंत भरा आणि डबा पुन्हा तोला. कंपनीची मर्यादा १,००० किलोमीटरला अर्धा लिटर आहे. त्याच्या आत असेल तर डबा डिकीत ठेवा आणि दर पेट्रोलला डिपस्टिक बघा.

जास्त निघालं तर इंजिन उघडण्याआधी पीसीव्ही बघा, म्हणजे इंजिनातली वाफ परत ओढून घेणारी व्हॉल्व्ह. आयडलवर ऑइलचं झाकण काढताना ते जोराने खाली ओढलं जात असेल, किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तिचा पडदा फाटला आहे. हा भाग बदलायला तासभर पुरतो. तसाच चालवला तर मागचं मुख्य ऑइल सील जातं आणि मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पीसीव्ही चांगली असूनही खप तोच राहिला तर पिस्टनच्या ऑइल रिंगा संशयित. या पिढीच्या इंजिनात त्या बारीक असतात आणि ऑइल परत जाण्याची भोकं कार्बनने बुजतात. त्यावर उपाय पिस्टन-रिंगांचाच. घट्ट ऑइलने खप थोडा झाकला जाईल, पण बुजलेली भोकं उघडत नाहीत. व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२.०० मानकाचं ५डब्ल्यू-४० घाला आणि आपल्या उन्हात ७,५०० किलोमीटरला बदला.

याच इंजिनाच्या टायमिंग चेनचा टेन्शनर सुरुवातीच्या काळात कमकुवत होता, पुढे सुधारित भाग आला. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड होत असेल तर गाडी त्याच दिवशी थांबवा. चेन एक दात जरी घसरली तरी व्हॉल्व्ह वाकतात.

प्रश्न : २०१७ ची ऑक्टाविया आरएस २३० घ्यायची आहे. आधीच्या मालकाने रिमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केलं होतं, आता मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं आहे म्हणतो. घ्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : २०१७ मध्ये ही गाडी शोरूमला २४.६२ लाखांची होती, २ लिटर, २३० पीएस ताकद आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क. तिच्या ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, मूळ आखणीच साधारण त्या टॉर्कच्या आसपासची आहे. रिमॅपने टॉर्क वाढला की पहिला भार क्लचवर येतो, इंजिनावर नंतर. म्हणून सॉफ्टवेअर परत टाकल्याने झीज परत जात नाही.

चाचणी अशी : गाडी पूर्ण गरम करून पुणे रस्त्यावर मोकळ्या पट्ट्यात मॅन्युअलमध्ये चौथा गिअर धरा आणि २,००० आरपीएमवरून पूर्ण दाब द्या. वेग न वाढता आरपीएम चढला तर क्लच घसरतोय. मग सात रस्त्यासारख्या गर्दीत हळू पुढे सरकताना धक्के बसतात का बघा. डीएसजीचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, साधारण ५ लिटर लागतं. लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ३५ ते ४५ अंशांत असताना, ओव्हरफ्लोच्या नळीतून बघतात. 'गाडी थंड असतानाच भरून दिलं' असं सांगणाऱ्या गॅरेजला हे काम येत नाही.

कुलंटच्या टाकीतली पातळी लिहून ठेवा. या इंजिनाचं थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर गळतं. गळती इनटेक मॅनिफोल्डच्या खाली होते, त्यामुळे जमिनीवर थेंब दिसत नाही, फक्त गुलाबी पापुद्रा साचतो. नुसती गॅस्केट बदलून भागत नाही, पूर्ण घरच बदलावं. कुलंट त्याच प्रकारचं घाला, हिरवं मिसळू नये.

क्लच आणि पंपाचं घर दोन्ही ठीक निघाले, मूळ सामान परत मिळालं आणि भाव न छेडलेल्या गाडीपेक्षा स्पष्ट कमी असेल, तर घ्या. तेवढाच भाव मागत असेल तर दुसरी शोधा. रिमॅप पुन्हा करायचा विचार असेल तर विमा कंपनीला आधी कळवावं लागेल.

प्रश्न : अशा जुन्या वेगवान गाडीचा विमा किती रकमेचा काढावा? एजंट सांगेल तो आकडा मान्य करायचा का?
– एक वाचक, सदर बझार

उत्तर : नाही. ५ वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे : पाचव्या वर्षी ५० टक्के. त्यानंतरची विम्याची रक्कम, म्हणजे आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. एजंट हप्ता कमी दिसावा म्हणून आकडा खाली आणतो. मग होतं असं की दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी संपूर्ण नुकसानीत निघते. आरएसचा बंपर, दिवे आणि एअरबॅग मिळून हे सहज गाठतं, आणि दुरुस्त होण्यासारखी गाडी भंगारात जाते. सर्व्हेअरला फोटो, बिलं आणि झालेल्या सौद्यांचे पुरावे देऊन आकडा लेखी वाढवून घ्या. आंशिक दाव्यात रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के कापले जातात, काचेवर काही कापत नाहीत.

प्रश्न : गाडी मोहोळजवळच्या शेतावर शेडमध्ये असते. दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेवतो. पुरेसं आहे का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : दहा मिनिटं जागेवर चालू ठेवणं थांबवा. इंजिन पूर्ण तापत नाही, त्यामुळे पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सायलेन्सरमध्येही पाणी साचतं. पंधरा दिवसांतून एकदा २५-३० किलोमीटर रस्त्यावर चालवा, एसी सुरू ठेवून. तेवढं जमत नसेल तर चालूच करू नका, बॅटरीला मेंटेनर लावा.

टाकीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, ते ओलावा ओढतं. २००५ च्या सुमाराच्या गाडीचे इंजिनाकडचे रबरी पेट्रोल पाइप एसएई जे३० आर९ दर्जाच्या नळीने बदला, क्लिपाही नव्या. बॉनेटखाली उंदीर शिरतो, तेव्हा वायरिंगचे चावे दर वेळी बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. ६ वर्षांवर गेलेले टायर नक्षी शिल्लक असली तरी या गाडीला नकोत. ब्रेक ऑइल डॉट ४, दर २ वर्षांनी.

आणि मे महिन्यात डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा ९० वर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत तो मुद्दाम ९० वरच धरून ठेवलेला असतो. खरा आकडा स्कॅनरवर बघा. दुपारी एसी चालू ठेवून गाडी पंधरा मिनिटं उभी करा. दोन्ही पंखे फिरायला हवेत आणि १०५ च्या वर आकडा जाता कामा नये. एकच पंखा फिरत असेल तर प्रथम फ्यूज आणि पंख्याचं कंट्रोल युनिट तपासा, रेडिएटर त्यानंतर.