कानटोपी घरी ठेवा, कोकणात उतरा : वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की आमच्याकडचे सगळे प्रश्न एकाच दिशेला वळतात, पश्चिमेला. त्यातले चार घेतलेत.

प्रश्न : आम्ही सहा शाळासोबती, निफाड तालुक्यातले, त्यातले तिघं द्राक्षवाले. पहाटे बागेत शेकोट्या पेटवून पेटवून जीव विटलाय. कसंतरी चार दिवसांचं जमवलंय, समुद्रावर नुसतं पडून राहायचंय. पण एक म्हणतो गोवा, एक म्हणतो दापोली आणि तिसऱ्यानं तर गणपतीपुळे ते वेंगुर्ला असा तासातासाचा तक्ता बनवलाय. काय करावं?

उत्तर : आधी तो तक्ता फाडा. मित्राला वाईट वाटेल, वाटू दे. नकाशात ती सरळ किनाऱ्याची रेघ दिसते पण प्रत्यक्षात खाड्या, पूल, वळणं आणि मध्येमध्ये रस्त्याचं काम, तुमचे चारही दिवस गाडीत जातील आणि समुद्र खिडकीतून दिसेल तेवढाच. एक जागा धरा आणि तिथून हलू नका.

दापोलीचं म्हणाल तर गाव डोंगरावर आहे, थंडीत पारा बरेचदा १०-१२ ला टेकतो, म्हणजे निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला थंडीचा आकडा पेपरात वाचून घाबरून पळालात आणि पुन्हा स्वेटरातच. जायचंच असेल तर खाली उतरा, कर्दे, मुरुड, लाडघर, तिथं उबदार असतं. गोवा चांगलाच आहे, पण नाताळ ते एक तारीख या दिवसांत नको, पडून राहायला जागा मिळाली तर ना!

मी तुम्हाला मालवणच्या खालचं देवबाग सांगेन. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. गर्दी नको असेल तर नदीपलीकडे भोगवे नाहीतर निवती. तारकर्लीही छान, पण शनिवार-रविवारी तिथं जत्रा भरल्यासारखं होतं. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे किंवा संक्रांत झाल्यावर जा, तेव्हा आंब्याला मोहोर पण असतो, त्या वासानंच निम्मा शीण जातो. फक्त तुमची काढणी कधी ते तुम्हालाच माहीत.

उबेचं कारण सोपं आहे. जमीन भराभर तापते आणि रात्री तेवढ्याच भराभर गार पडते, पाण्याला दोन्हीला वेळ लागतो. कोकणासमोरचा समुद्र भर जानेवारीतही २६-२७ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे किनाऱ्यावर रात्री पारा साधारण १८-२० वर थांबतो आणि दुपारी चक्क तिशी ओलांडतो. पहाटे मात्र जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो जरा झोंबतो, तेवढ्यासाठी एक पातळ शाल ठेवा. या मतलईत सकाळी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट असतो, दुपारनंतर खारं वारं सुटलं की लाटा. म्हणून होडीचं, किल्ल्याचं जे काही असेल ते सकाळी उरका. सिंधुदुर्ग बघाच, १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. अर्धा दिवस पुरे.

बाकी वेळ काहीच करायचं नाही. फार तर पहाटे रापण ओढताना बघायला जा. होडी अर्धगोल फिरून जाळं सोडते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून वाळूवर माणसांच्या रांगा मागे मागे सरकत ओढत राहतात, खूप वेळ काहीच दिसत नाही, आणि शेवटी जाळ्याचा फुगा वाळूला लागला की एकदम चांदीसारखी तडफड, तारली, बांगडे, एखादी चुकार कुर्ली (खेकडा), आणि डोक्यावर कुरवांचा, म्हणजे त्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांचा, नुसता कल्ला. हे कुरव पण लडाख, मध्य आशिया अशा ठिकाणांहून थंडी चुकवायलाच आलेले असतात, म्हणजे तुमचेच भाऊबंद. दोर ओढायला हात लावा, कुणी नाही म्हणत नाही आणि कधीकधी वाट्याला चार बांगडेही येतात.

जायला रेल्वे बरी. ठाणे किंवा पनवेलहून कोकणकन्या, मांडवी नाहीतर तुतारी पकडायची आणि कुडाळला उतरायचं, पुढे रिक्षा आहेच. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणाची गाडी म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंत वेटिंगला जाते, तेव्हा गजर लावून बसा. तुतारी दादरहून रात्री बाराच्या ठोक्यानंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं, इथं भलेभले फसतात.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये दोघी शुद्ध शाकाहारी. मालवणात जाऊन त्यांनी काय खायचं, वेफर्स?

उत्तर : अहो काय हे! काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, घावणे-चटणी, आंबोळ्या, खतखतं, रस-शिरवाळे, वर सोलकढी, मासे खाणारेच तुमच्या ताटात डोकावतील. फेब्रुवारीत गेलात तर ओल्या काजूची उसळ सुद्धा. हॉटेलच्या मेन्यूत हे क्वचित असतं, म्हणून घरगुती राहण्याची जागा बघा आणि काकूंना आदल्या रात्री सांगा, ऐन वेळी नाही, वाटाणे भिजायला लागतात. तवा आणि तेल वेगळं हवं असेल तर तेही स्पष्ट सांगा, कुणाला राग येत नाही. मार्गशीर्षात तर गुरुवारी कितीतरी घरात मासे शिजतच नाहीत, त्या दिवशी उलट मासेखाऊंची पंचाईत.

प्रश्न : आम्ही पाच मैत्रिणी, नागपूर-अमरावतीकडच्या, सगळ्या पन्नाशीपुढच्या. पोहता कुणालाच येत नाही पण समुद्रात उतरायचंच आहे. भरती-ओहोटी कशी ओळखायची? आणि स्कुबा करावं का?

उत्तर : कालनिर्णय बघता ना? किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती पूर्ण होणार तीनच्या सुमारास, तिथून पाणी उतरायला लागतं आणि साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा आहे, थोडं मागेपुढे होतं, म्हणून उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा आणि तो नको म्हणाला तर नको. पाणी चढत असताना गुडघाभर, फार तर मांडीभर. ओहोटीला आत जायचं नाही, पाणी ओढतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा जास्तच जपून. आणि नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी, देवबागचा संगम वगैरे, तिथं फोटो काढा पण पाऊल टाकू नका, वरून शांत दिसतं ते. साडी, ओढणी, घेरदार सलवार घालून लाटेत जाऊ नका, भिजली की पायात अडकते आणि उठताच येत नाही. ट्रॅकपँट-टीशर्ट घाला, तिथं कोण बघतंय.

स्कुबाला पोहता यायलाच पाहिजे असं नाही, सोबत शिकवणारा असतो आणि तो धरूनच खाली नेतो. पण तोंडानं श्वास घ्यायची सवय आधी उथळ पाण्यात नीट करून घ्या, घाई करत असतील तर थांबवा. बीपी, दमा, हृदयाचं काही, कानाचं ऑपरेशन, यातलं एक जरी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही आणि तिथला फॉर्म खरा भरा. पाच जणींतल्या दोघीच उतरल्या तरी काही बिघडत नाही, बाकीच्या तिघींनी होडीत बसून शेंगा खाव्यात.

प्रश्न : मी टोरांटोला असतो, जानेवारीत येतोय. कॉलेजचे मित्र आणि मी असे सात जण मालवणला चाललोय. दोघं पित नाहीत, एक मासे खात नाही. हिशोबावरून मागच्या वेळी तोंडं फिरली होती. आणि कपडे काय आणू?

उत्तर : कपडे सुती, आणि टोपी. बर्फातून आलेल्या माणसाला जानेवारीचं ऊन गोड लागतं आणि संध्याकाळी खांदे लाल, म्हणून बारा ते चार माडाखाली. पहिल्याच जेवणात तिसऱ्या (शिंपल्या) आणि कुर्ल्यांवर तुटून पडू नका, पोटाला एक दिवस द्या.

हिशोबाचं म्हणाल तर राहणं, गाडी, चहा-नाश्ता यांचा एक गल्ला, सातांचा सारखा. बाटल्यांचा गल्ला वेगळा, पिणाऱ्यांचा. मोठी सुरमई, पापलेट सांगताना भाव आधी विचारा, वजनावर असतो, आणि ते बिल खाणाऱ्यांत वाटा. खजिनदार एकच नेमा, सगळे पैसे निघायच्या आधी त्याच्या जीपेवर टाका, आणि जो गाडी चालवणार आहे त्याला खजिनदार करू नका, एकाच माणसाला किती छळायचं.