शहाणं लेकरू आणि दप्तरातली भाकरी

प्रश्न : बाल कल्याण समितीच्या आदेशाने दोन महिन्यांपूर्वी ८ वर्षांची मुलगी प्रतिपालकत्वासाठी (दत्तक न घेता काही काळ सांभाळण्यासाठी) आमच्या घरी आली. रडत नाही, हट्ट करत नाही, सांगेल ते ऐकते. पण दप्तरात चतकोर भाकरी सापडते आणि अलीकडे रात्री अंथरूण ओलं होतं. शाळेतल्या बाई म्हणतात, पोर गुणी आहे. काळजी करावी का?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ताई, लक्ष नक्की द्यावं, पण घाबरू नका. एवढ्या वयाचं मूल नव्या घरात एकदाही हट्ट करत नसेल, तर ते रुळलंय असं धरू नका. इथूनही पाठवतील या धास्तीनं अशी मुलं जपून वागतात. खरचटलं तर ती तुमच्याकडे येते की गुपचूप धुऊन टाकते, ते बघा. मार्कांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

भाकरी लपवणं ही चोरी नव्हे. पोटाचे हाल सोसलेल्या मुलाला पुढच्या जेवणाची खात्री वाटत नाही. तिच्यादेखत दप्तर झाडू नका, फडताळाला कुलूप तर मुळीच नको. त्यानं लपवणं वाढतं. चुरमुरे-फुटाण्यांचा एक डबा तिच्या नावाचा, तिचा हात पोचेल असा ठेवा. रिकामा झाला की काही न बोलता भरा. जेवणाच्या वेळा चुकवू नका. ही सवय जायला कित्येक महिने लागतात.

अंथरुणासाठी आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या. जंतुसंसर्गानं किंवा बद्धकोष्ठतेनंही असं होतं. पाहुण्यांपुढे हा विषय काढू नका.

एका वहीत तारीख, काय झालं आणि आदल्या दिवशी काय घडलं होतं, एवढं लिहीत जा. आईची भेट, फोन, राखीपौर्णिमा, दिवाळी यांच्या आगेमागे त्रास वाढतो का, ते त्यातून दिसेल. वाढला तरी भेटी परस्पर बंद करू नका. भेटीनंतर मूल बिथरतं त्यात आईची ओढही असते. वही जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समुपदेशकांना दाखवा.

मरणाची भाषा, स्वतःला चावणं-ओरबाडणं, जेवण सोडणं, एखाद्या माणसाची अचानक भीती किंवा वयाला न साजेसे लैंगिक खेळ दिसले, तर थांबू नका. त्याच दिवशी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं (२०१२) बंधनकारक आहे. तिला खोदून विचारू नका. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. तुमचा स्वतःचा जीव टांगणीला लागला असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोला.