क्लिनिकल रिसर्च: संघटनेचं सदस्यत्व, प्रमाणपत्र आणि अनुभवाचे तास

औषधचाचण्यांच्या कामात असलेल्या किंवा या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

नाशिकच्या खासगी रुग्णालयात मी दीड वर्ष स्टाफ नर्स आहे. निम्मा वेळ वॉर्डात जातो, निम्मा वेळ औषधचाचण्यांची कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे चाचणीचं रोजचं काम सांभाळते. एसीआरपीचं सदस्यत्व घेतलं की नावापुढे सीसीआरसी लावता येईल का? – एक वाचक, नाशिक

नाही. एसीआरपी ही १९७६ साली अमेरिकेत सुरू झालेली क्लिनिकल रिसर्चमधल्या लोकांची व्यावसायिक संघटना. वर्गणी भरली की सदस्यत्व मिळतं. सीसीआरसी हे कोऑर्डिनेटरांचं प्रमाणपत्र मात्र परीक्षा देऊनच मिळतं आणि परीक्षेला बसायला अनुभव दाखवावा लागतो. सदस्य नसतानाही परीक्षा देता येते, फक्त सदस्यांना शुल्क कमी पडतं. चाचणी करवणाऱ्या कंपनीतर्फे काम तपासणाऱ्या मॉनिटरसाठी सीसीआरए आणि प्रमुख संशोधकासाठी सीपीआय अशी वेगळी प्रमाणपत्रं आहेत.

अट ३,००० तासांच्या कामाची आहे. आठवड्याला ४८ तास धरले तर दीड वर्षात तुमचे सुमारे ३,७०० तास भरतात. पण वॉर्डातले तास यात धरले जात नाहीत. उरतात साधारण १,८५०, त्यातून रजा वजा करा. म्हणजे याच गतीने अजून वर्षभर लागेल. मान्यताप्राप्त शिक्षणक्रम पूर्ण केलेला असेल तर १,५०० तासांची सूट मिळू शकते. तुमच्याकडे डिप्लोमा असेल तर तो त्यात बसतो असं गृहीत धरू नका. आधी संघटनेला लेखी विचारा आणि उत्तर आलं की मगच शुल्क भरा.

अनुभव सिद्ध कसा करायचा? आमच्या एचआरच्या पत्रात फक्त 'स्टाफ नर्स' असं लिहिलं आहे. – एक वाचक, कोल्हापूर

अर्ज अडतात ते बहुतेक इथेच. पदाचं नाव काहीही असो, प्रत्यक्ष काय काम केलंत ते कागदावर दिसायला हवं. कन्सेंटच्या (रुग्णाच्या संमतीच्या) प्रक्रियेत भाग घेणं, निकषांनुसार रुग्ण तपासून निवडणं, व्हिजिट ठरवणं, सोर्स डॉक्युमेंट (रुग्णाच्या मूळ नोंदी) आणि सीआरएफ (चाचणीची माहिती भरण्याचा फॉर्म) भरणं, मॉनिटरच्या क्वेरी सोडवणं, एथिक्स कमिटीचे कागद तयार करणं, औषधाचा हिशेब ठेवणं. प्रमुख संशोधकाच्या सहीने असं पत्र घ्या. त्यात कामाच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख आणि आठवड्याचे संशोधनाचे तास वेगळे लिहून घ्या. 'अर्धवेळ' एवढ्यावर भागत नाही, 'आठवड्याला २४ तास' असं हवं.

तारखा आठवत नसतील तर प्रत्येक चाचणीचा डेलिगेशन लॉग बघा. कोणतं काम तुमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होतं हे त्यात संशोधकाच्या सहीनिशी नोंदलेलं असतं. त्यावरून पत्राचा मसुदा करा, पण लॉगची प्रत अर्जाला जोडू नका. तो चाचणीचा गोपनीय कागद आहे. नोकरी सोडतानाच हे पत्र मागून घ्या. संशोधक बदलून गेला, साइट (चाचणी चालते ते ठिकाण) बंद झाली की तुमच्या कामाला साक्षीदार उरत नाही. कोऑर्डिनेटरच्या मेहनतीवर चाचणी उभी असते आणि शोधनिबंधात बहुधा तिचं नावही नसतं; निदान अनुभवाचा कागद तरी तिच्या हाती असलाच पाहिजे.

परीक्षेसाठी काय वाचावं? भारतीय नियम रोज वापरते, तेवढे पुरतील का? – एक वाचक, पुणे

पुरणार नाहीत. उलट रोजच्या सवयीनेच उत्तरं चुकतात. एसीआरपीची परीक्षा आयसीएच या औषधनियमांत देशोदेशी मेळ घालणाऱ्या परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांवर आधारलेली आहे, कोणत्याही एका देशाच्या कायद्यावर नाही. एसएईचंच (रुग्णाला झालेल्या गंभीर प्रतिकूल घटनेचंच) बघा. आपल्या २०१९ च्या नियमांनुसार संशोधकाने २४ तासांत स्पॉन्सर (चाचणी करवणारी कंपनी), एथिक्स कमिटी आणि केंद्रीय परवाना अधिकारी या तिघांनाही कळवायचं असतं. आयसीएचच्या ई६ या तत्त्वानुसार संशोधक स्पॉन्सरला ताबडतोब कळवतो. पुढची मुदत ई२ए या दुसऱ्या तत्त्वात आहे: औषधाशी संबंधित, अनपेक्षित आणि जीवघेण्या प्रतिक्रियेबद्दल स्पॉन्सरने नियामकाला ७ दिवसांत, इतर गंभीर अनपेक्षित प्रतिक्रियांबद्दल १५ दिवसांत कळवायचं. प्रश्न वाचताना मुदत कोणाची आणि कोणाला कळवायची, हे आधी ठरवा.

कन्सेंटमध्येही हेच होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो आणि तो संपूर्ण चर्चेला हजर असावा लागतो. शेवटी सहीपुरता कोणाला तरी बोलावणं चूकच. परीक्षेत त्याने गुण जातात, प्रत्यक्षात रुग्णाचा हक्क जातो.

आयसीएचची ई६, ई२ए, ई८, ई९ ही तत्त्वं आणि माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांचा हेलसिंकी जाहीरनामा एवढं नीट वाचा. ई६ ची तिसरी सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, जाहीरनामा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारला गेला. तुमच्या परीक्षेला कोणती आवृत्ती आहे ते त्या सत्राच्या पुस्तिकेत पाहून घ्या. जुन्या नोट्स वाचून बसू नका. तीन तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यातले २५ गुणांत धरत नाहीत. ते कोणते हे कळत नाही, म्हणून सगळेच सोडवा.

सोक्रा या दुसऱ्या अमेरिकन संघटनेच्या सीसीआरपी परीक्षेत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाचे नियमही येतात. त्या नियमांखालच्या चाचण्या तुमच्या साइटवर चालत नसतील तर एसीआरपीच बरी.

एक संस्था दोन दिवसांचा जीसीपी कोर्स करून 'आंतरराष्ट्रीय प्रमाणित संशोधन व्यावसायिक' प्रमाणपत्र देते. नोकरीला चालेल का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

जीसीपीचं, म्हणजे चाचणी योग्य पद्धतीने करण्याच्या नियमांचं प्रशिक्षण लागतंच. ते नसेल तर मॉनिटर आक्षेप घेतो. पण ते प्रशिक्षण झालं, व्यावसायिक प्रमाणपत्र नव्हे. संस्थेला तीन गोष्टी विचारा: अनुभवाची अट काय, देखरेखीखाली परीक्षा कोण घेतं, आणि प्रमाणपत्र खरं आहे का हे नोकरी देणाऱ्याला कुठे तपासता येतं. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पैसे भरू नका.

नवख्या माणसाने आधी आयएससीआर या भारतातल्या क्लिनिकल रिसर्चच्या संस्थेकडे बघावं. ही संस्था २००५ पासून काम करते, मुंबईत तिचं कार्यालय आहे. तिच्या वार्षिक परिषदेत साइट, स्पॉन्सर आणि सीआरओ (स्पॉन्सरसाठी चाचण्यांचं काम करणाऱ्या कंपन्या) या तिन्ही बाजूंची माणसं भेटतात. पहिल्या नोकरीला परदेशी अक्षरांपेक्षा या ओळखी जास्त उपयोगी पडतात.

सीसीआरसी एकदा मिळालं की कायमचं का? – एक वाचक, पणजी

नाही. दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी २४ गुणांचं सततचं शिक्षण लागतं. सोक्राच्या सीसीआरपीला तीन वर्षांत ४५ तास लागतात. कार्यशाळा झाली की त्याच दिवशी प्रमाणपत्राची पीडीएफ तारीख आणि तास लिहून एका फोल्डरमध्ये टाका. शेवटच्या महिन्यात जुन्या आयोजकांकडे प्रती मागत बसलात तर त्या वेळेत मिळतीलच असं नाही.